डाग आणि वण : कृष्णधवल छायाचित्राच्या हस्तदुरुस्तीविषयी

हस्तलिखित पोथ्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हरताळ परिचित आहे. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले म्हणजे त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यावयाचा आणि लेप वाळल्यावर त्याच जागी योग्य अक्षर लिहावयाचे, ही पद्धत शतकानुशतके चालत आली. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार तिचीच आठवण होय. मात्र या वाक्प्रचाराचा रूढ अर्थ दुरुस्तीचा नसून नाशाचा आहे. चूक झाकण्यासाठी उचललेला कुंचला बरोबर असलेलेही झाकू शकतो, ही शंका भाषेने जणू नोंदवून ठेवली आहे. कृष्णधवल छायाचित्राच्या कागदी प्रिंटवरील डाग हाताने काढण्याची जी कला डार्करूमच्या आश्रयाने वाढली, तिच्यापुढेही हीच शंका प्रथमपासून उभी आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या कलेत आपल्याच प्रश्नांचे एक वेगळे, अधिक दृश्य रूप आढळेल.

या कामासाठी छायाचित्रकारांच्या बोलण्यात दोन इंग्रजी शब्द रुळलेले आहेत : रिटचिंग आणि स्पॉटिंग. ते अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु विवेचनासाठी त्यांतील भेद ध्यानात घेणे इष्ट. रिटचिंग ही व्यापक संज्ञा असून निगेटिव्हवरील पेन्सिलकाम, चाकूकाम, प्रिंटवरील रंगकाम या सर्वांचा तीत समावेश होतो. स्पॉटिंग म्हणजे धुऊन वाळलेल्या, तयार प्रिंटवरील ठिपके व ओरखडे भोवतालच्या छटेत मिळवून टाकणे. रिटचिंगमध्ये चेहरा बदलण्याचे सामर्थ्य आहे. स्पॉटिंगचा दावा इतकाच की ते कागदावरचा केर काढते. हा दावा कितपत टिकतो हे ठरविण्यापूर्वी केर येतो कोठून, ते पाहिले पाहिजे.

एन्लार्जरमध्ये निगेटिव्हमधून जाणारा प्रकाश खालच्या कागदावर पडतो आणि जेथे तो अधिक पडतो तेथे कागद अधिक काळा होतो. निगेटिव्हवर धुळीचा कण बसलेला असेल तर त्याची सावली कागदावर पडते, तेवढी जागा प्रकाशाविना राहते आणि प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट आठ बाय दहा इंचांच्या कागदावर आणली की तिची लांबीरुंदी सुमारे आठपट होते. त्याबरोबर धुळीचा तंतूही आठपट होतो. निगेटिव्हवर डोळ्यांना न दिसणारा केस प्रिंटवर अर्ध्या मिलिमीटरची पांढरी रेघ होऊन बसतो, तो यामुळेच. काळे ठिपके याच्या उलट कारणाने येतात. फिल्म डेव्हलप होत असताना तिच्या पृष्ठावर हवेचा बुडबुडा चिकटून राहिला तर तेथे डेव्हलपर पोहोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक टिंब राहते आणि त्यातून भरपूर प्रकाश जाऊन प्रिंटवर काळा ठिपका पडतो. कॅमेऱ्यातच फिल्मवर धूळ असेल तर तिचाही परिणाम असाच होतो. ओरखड्यांतही हा भेद आहे. चांदीच्या थरावरचा खोल ओरखडा चांदीच खरवडून नेतो, म्हणून प्रिंटवर काळी रेघ येते. मागच्या, थर नसलेल्या बाजूवरचा ओरखडा प्रकाश विखरून टाकतो, म्हणून पांढरी. भिंगाच्या जोडीतून प्रकाश एकवटणारा कंडेन्सर एन्लार्जर हे सारे दोष ठळक करून दाखवितो, तर विखुरलेल्या प्रकाशाचा एन्लार्जर त्यांतील पुष्कळ दोष सौम्य करतो. आपल्याकडील हवामानाने या यादीत आणखी भर घातली. पावसाळ्याच्या दमट हवेत निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी धरते आणि एकदा ती धरली की खालचे जिलेटिन पाण्यात विरघळू लागते; त्यामुळे अशी निगेटिव्ह धुऊन स्वच्छ करण्याचा प्रयत्न चित्रासकट बुरशी धुऊन टाकण्याचा संभव असतो.

म्हणजे डाग कोणत्या पायरीवर पडला हे त्याच्या रंगावरून पुष्कळसे ओळखता येते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की डागाला वंशावळ असते. निगेटिव्हमधले टिंब तिच्यापासून निघालेल्या प्रत्येक प्रिंटवर उतरते. एका प्रिंटच्या वेळी उडून आलेला धुळीचा कण त्या एकाच प्रिंटपुरता असतो. मातृकेतील भ्रष्ट पाठ तिच्यावरून केलेल्या सर्व प्रतींत येतो आणि लेखनिकाचा हस्तदोष एका प्रतीपुरता राहतो, त्यातलाच हा प्रकार. समान दोषावरून समान मूळ सिद्ध करणे हा पाठचिकित्सेचा पायाभूत नियम छायाचित्रांच्या इतिहासकारांनाही उपयोगी पडतो : दोन जुन्या प्रिंटांवर एकाच जागी एकच ओरखडा आढळला, तर त्या एकाच निगेटिव्हपासून निघाल्या असे म्हणण्यास सबळ आधार मिळतो. आणि तो ओरखडा कोणी काळजीपूर्वक बुजविला असेल तर तो आधारही तेवढाच नाहीसा होतो, ही गोष्ट या कलेच्या स्तुतिपाठकांच्या क्वचितच लक्षात येते.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता हाताने दुरुस्ती करण्याचे काम प्रथम निगेटिव्हवरच सुरू झाले. म्यूनिकचे छायाचित्रकार फ्रांत्स हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तिचित्राच्या रिटच केलेल्या व न केलेल्या प्रिंट शेजारी शेजारी मांडल्या, असे परंपरेने सांगितले जाते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये. म्हणजे युरोपात हा वाद उभा राहिला तेव्हा भारतातही छायाचित्रणाने मूळ धरलेले होते. त्या काळच्या व पुढे जवळजवळ एक शतकभर स्टुडिओंतून वापरल्या जाणाऱ्या निगेटिव्ह काचेच्या, आकाराने मोठ्या, कित्येकदा प्रिंटच्याच मापाच्या असत. तिरक्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवून, खालून आरशाने उजेड घेऊन, तिच्यावर पेन्सिलीला धरण्याजोगा पातळ रोगण लावून, सुईसारख्या लांब टोकाच्या कठीण शिशाने सुरकुत्या व खड्डे भरीत बसणारा रिटचर हा स्टुडिओतील एक स्वतंत्र कारागीर होता. निगेटिव्हवर एकदा केलेले काम सर्व प्रतींना पुरत असे. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि पुढील दोन-तीन दशकांत लहान फिल्मचा प्रसार झाला, तेव्हा हे सगळे बदलले. टपाल तिकिटाएवढ्या चौकटीतील चेहऱ्यावर पेन्सिल चालविणे अशक्यच होते. हात निगेटिव्हवरून प्रिंटवर आला, आणि प्रत्येक प्रिंटची दुरुस्ती स्वतंत्रपणे करणे भाग पडले. यंत्राने सारख्या प्रती देणाऱ्या या माध्यमात हातामुळे पुन्हा प्रत्येक प्रत थोडी निराळी झाली.

प्रिंटवरील या कामाची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. कारण तिच्या प्रत्येक पायरीत संयमाचा एक नियम दडलेला आहे. कागदाची रचना प्रथम ध्यानात घ्यावी. पारंपरिक फोटोकागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा लेप असतो आणि त्यावर जिलेटिनचा थर; चित्र घडविणारी चांदी या जिलेटिनात असते. साधा जलरंग जिलेटिनच्या वर बसतो आणि चकचकीत कागदावर तिरपे पाहिले की निस्तेज टिकलीसारखा उघडा पडतो. जुने कारागीर म्हणून रंगात डिंकाचे पाणी मिसळीत, म्हणजे टिकलीलाही चकाकी येई. विसाव्या शतकात जिलेटिनात शोषले जाणारे विशेष रंग आले. ‘स्पॉटोन’ या अमेरिकन रंगाच्या लहान बाटल्या त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. हा रंग पृष्ठावर न राहता थरात मुरत असल्यामुळे कागदाची चकाकी अबाधित राहते. त्याचे उत्पादन आता थांबलेले आहे.

कुंचला अस्सल सेबलचा, शून्य-शून्य किंवा शून्य-शून्य-शून्य क्रमांकाचा घेतात. परंतु क्रमांकापेक्षा टोक महत्त्वाचे. फार बारीक कुंचल्यात रंग राहत नाही आणि तो टोकावर लगेच सुकतो. पोट थोडे भरलेले व टोक तीक्ष्ण असा कुंचला उत्तम. रंगाचा थेंब पांढऱ्या बशीत वाळू द्यावा, ओलसर कुंचल्याने त्यातून किंचित उचलावा, टिपकागदावर फिरवून कुंचला जवळजवळ कोरडा करावा आणि मग प्रथम टाकाऊ प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर छटा पारखावी. ओला कुंचला हा या कामातील सर्वांत मोठा शत्रू : त्याचा थेंब डागाबाहेर पसरतो आणि पांढऱ्या ठिपक्याभोवती काळे कडे तयार होते. रंग भोवतालच्या छटेपेक्षा नेहमी किंचित फिकट असावा. फिकट राहिलेली जागा डोळा सहज माफ करतो, अधिक काळी झालेली करीत नाही; शिवाय फिकट जागेवर पुन्हा टिंब देता येते, काळी झालेली जागा उजळ करण्यास मात्र अमोनियाच्या सौम्य द्रावणासारखे उपाय करावे लागतात आणि तेही नेहमी यशस्वी होत नाहीत.

रंग फासावयाचा नाही, टिंबे द्यावयाची, हा दुसरा नियम. छायाचित्रातील करडी छटा ही चांदीच्या कणांची दाटी असते. टिंबांनी भरलेली जागा त्या कणांत मिसळते, फटकाऱ्याने भरलेली मिसळत नाही. केसाची पांढरी रेघ बुजविताना नवशिके एका टोकापासून सुरुवात करतात. अनुभवी हात आधी रेघेच्या मध्यावर एक टिंब ठेवून तिचे दोन तुकडे करतो, मग प्रत्येक तुकड्याचे पुन्हा दोन. डोळ्याला टोचते ते रेघेचे सलगपण. ते तुटले की उरलेले पांढरे कण भोवतालात हरवतात आणि पुष्कळदा रेघ पूर्ण भरण्याची गरजच राहत नाही. कामाला प्रारंभ चित्राच्या सर्वांत काळ्या भागापासून करतात. कुंचल्यातील रंग उतरत जातो तसतसे फिकट भागांकडे यावयाचे. केस, झाडोरा, खडबडीत भिंत यांत दुरुस्ती लपते. निरभ्र आकाश आणि गालाची सपाट उजळ जागा यांत ती लपत नाही. तेथे एका ठिपक्याला अर्धा तास लागला तरी तो अपव्यय मानीत नाहीत. भिंग वापरावे, पण बेताचे. फार मोठे करून दाखविणारे भिंग कारागिराला असे दोष दाखविते की जे पाहणाऱ्याला कधीच दिसणार नसतात.

रंगाची जात हाही विषय साधा नाही. कागदांचा काळा रंग एकसारखा नसतो : ब्रोमाइड कागदाची काळी छटा बव्हंशी तटस्थ किंवा थंड, क्लोरोब्रोमाइडची तपकिरीकडे झुकणारी, सेलेनियमचे टोनिंग केलेल्या प्रिंटची आणखी निराळी. तटस्थ काळा आणि तपकिरी यांचे मिश्रण करून कागदाशी मेळ घालावा लागतो, आणि तो ज्या उजेडात प्रिंट टांगली जाणार त्याच उजेडात तपासावा लागतो; दिवसाच्या प्रकाशात जुळलेली छटा दिव्याखाली फुटून दिसू शकते. टोनिंग व धुलाई आधी, स्पॉटिंग सर्वांत शेवटी, हा क्रमही पाळावाच लागतो. कारण पाण्यात गेलेल्या प्रिंटमधून हा रंग सुटतो.

काळ्या ठिपक्यांची गोष्ट वेगळी. पांढऱ्या जागी काही नसते, तेथे घालावयाचे. काळ्या जागी चांदी असते, ती काढावयाची. एक उपाय धारदार पात्याचा : पूर्ण कोरड्या प्रिंटवर पाते जवळजवळ आडवे धरून जिलेटिनचा वरचा अंश पिसासारख्या स्पर्शाने खरवडणे. खरवडलेली जागा चकचकीत कागदावर कायमची खुणेसारखी दिसते. दुसरा उपाय रसायनाचा. हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेले पोटॅशियम फेरिसायनाइड व हायपो यांचे द्रावण चांदी विरघळविते. कुंचल्याच्या टोकाने ते ठिपक्यावर लावून ठिपका पांढरा करतात, प्रिंट पुन्हा धुतात, वाळवितात आणि मग त्या पांढऱ्या जागी रंगाची टिंबे देतात. तिसरा आणि सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे निगेटिव्हवरील पारदर्शक टिंबावर अपारदर्शक रंगाचा कण ठेवून काळ्या डागाचे पांढऱ्या डागात रूपांतर करणे. कारण पांढरा डाग बुजविणे केव्हाही सोपे.

येथवर सारा विचार कारागिरीचा झाला. खरा प्रश्न यापुढे येतो : अमुक ठिपका डाग आहे हे ठरवावयाचे कसे?

मराठीत यासाठी दोन उपयुक्त शब्द आहेत. ‘डाग’ बाहेरून लागतो. ‘वण’ हा देहावर राहिलेला, देहाचाच झालेला असतो. स्पॉटिंग डाग काढते आणि वण ठेवते, अशी व्याख्या केली तर ती सैद्धांतिकदृष्ट्या निर्दोष ठरेल. व्यवहारात मात्र कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. नाकातील चमकीचा बिंदू, बुबुळात पडलेले खिडकीचे प्रतिबिंब, रात्रीच्या आकाशातील तारा हे सर्व पांढरे ठिपके आहेत आणि धुळीच्या ठिपक्यांपासून नुसत्या नजरेने ते वेगळे करणे नेहमी शक्य नसते. लहान मुलाच्या गालावरील तीट हा काळा ठिपका आहे. दृष्ट लागू नये म्हणून आईने हेतुपुरस्सर लावलेला तो दोष, ही रीत ठाऊक नसलेल्या कारागिराच्या नजरेला निगेटिव्हमधील छिद्राचा परिणाम वाटू शकतो. स्त्रियांच्या कपाळावरील व हनुवटीवरील गोंदणाचे ठिपके तर जणू फसविण्यासाठीच असतात. छोट्या प्रिंटवर त्यांचा आकार बुडबुड्यांनी पडलेल्या टिंबांएवढाच भरतो. एखाद्या जमातीच्या गोंदणाच्या अभ्यासाला असे एक छायाचित्र आधारभूत ठरले आणि त्यातील दोन ठिपके आधीच कोणी ‘स्वच्छ’ केलेले असले, तर त्या अभ्यासाचे काय होईल याची कल्पना करता येते.

यावर उपाय आहे आणि तो पाठचिकित्सकाच्या परिचयाचा आहे : प्रतींचे ताडन. त्याच निगेटिव्हची दुसरी प्रिंट काढावी. ठिपका हलला किंवा नाहीसा झाला तर ती धूळ. दोन्हींत एकाच जागी राहिला तर निगेटिव्ह भिंगाखाली पाहावी. आणि त्याच प्रसंगाची पुढची-मागची चौकट उपलब्ध असेल तर तीही पाहावी. डोके वळल्यावर ठिपकाही चेहऱ्याबरोबर वळला, तर तो चेहऱ्याचा. इतके करूनही निर्णय होत नसेल तर ठिपका राहू द्यावा, हा संकेत सर्वांनी पाळला असता तर पुढील पिढ्यांचे काम सोपे झाले असते.

फिल्मच्या स्वभावामुळे या निर्णयात आणखी एक गुंता होतो. प्रारंभीच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने ही संवेदनशीलता हिरव्या-पिवळ्या प्रकाशापर्यंत वाढविता येते हे दाखविले. तांबडा प्रकाश पुरेसा टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या. परिणाम असा की जुन्या चित्रात लाल कुंकू जवळजवळ काळे दिसते, तर पॅन्क्रोमॅटिक फिल्मवर ते फिकट करडे होते. निळसर-हिरवट गोंदण जुन्या काचेवर पुसट होऊन कधी दिसेनासेच होते. म्हणजे जे दिसते ते सर्व चेहऱ्यावर तसेच होते असे नाही, आणि जे दिसत नाही ते चेहऱ्यावर नव्हते असेही नाही. कुंचल्याचा स्पर्श होण्यापूर्वीच यंत्राने आपले पाठभेद करून ठेवलेले असतात.

वणाचा प्रश्न भारतीय स्टुडिओंत देवीच्या रोगामुळे विशेष तीव्र होता. भारत देवीमुक्त झाल्याची घोषणा १९७७ मध्ये झाली; त्यापूर्वीच्या पिढ्यांत चेहऱ्यावर देवीचे वण असणे ही सामान्य गोष्ट होती. सरकारी कागदपत्रांत ‘ओळखीची खूण’ म्हणून जो वण लिहिला जाई, तोच स्टुडिओतील पेन्सिल नाहीसा करी. याला सरसकट खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. क्रिस्टोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ या १९९७ च्या ग्रंथात दाखविले आहे की मध्य भारतातील स्टुडिओत येणाऱ्या ग्राहकाला कित्येकदा आपण जसे आहोत तसे चित्र नको असते, तर आपण जसे होऊ शकतो तसे हवे असते. विवाहासाठी पाठवावयाच्या किंवा भिंतीवर हार घालून लावावयाच्या चित्राचा धर्म निराळा, हे मान्य केले पाहिजे. आक्षेपाला जागा निर्माण होते ती असे चित्र पुढे पुरावा म्हणून वापरले जाते तेव्हा. वाङ्मयेतिहासात हे नित्य घडते. जुन्या लेखकांच्या ग्रंथांच्या आरंभी छापलेली चित्रे बहुधा हाफटोन ब्लॉकसाठी तयार केलेली असत, आणि ब्लॉक करणारा कारागीर प्रिंटवर पांढऱ्या व करड्या रंगाचे हात देऊन, डोक्याभोवतीची पार्श्वभूमी पुसून, जबड्याची रेघ ठळक करून मगच ती कॅमेऱ्यासमोर ठेवी. अशा चित्रावरून लेखकाच्या मुद्रेचे वर्णन करणारा चरित्रकार प्रत्यक्षात ब्लॉकमेकरच्या कुंचल्याचे वर्णन करीत असण्याचा संभव असतो.

थोर छायाचित्रकारांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली ती परस्परविरोधी आहेत. कलकत्त्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या काचांवर रसायनाचे ओघळ, बोटांचे ठसे, ओरखडे राहिलेले आहेत आणि त्यांतील बहुतेक त्यांनी तसेच छापू दिले. समकालीन नियतकालिकांनी त्यांना निष्काळजी ठरविले. पुढील काळाने त्याच ओघळांत हाताची सच्चाई पाहिली. दोन्ही मतांत थोडी अतिशयोक्ती आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण डोरोथिया लँग यांचे. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मार्च १९३६ मध्ये घेतलेल्या, ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा आलेला होता. लँग यांना तो रचनेतील दोष वाटला आणि १९३९ मध्ये त्यांनी निगेटिव्हवरच रिटचिंग करवून तो नाहीसा केला. ज्या सरकारी विभागासाठी हे काम झाले त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हे मान्य नव्हते. दस्तऐवजाच्या अस्सलपणावरच त्यामुळे आच येते असे त्यांचे मत. अंगठा लहान आहे, अस्पष्ट आहे, आणि त्याच्या असण्यानसण्याने त्या आईच्या मुद्रेवरील काळजी कमीजास्त होत नाही. तथापि तो डाग नव्हता, हे स्ट्रायकर यांचे म्हणणे खोडता येत नाही. दुरुस्ती निगेटिव्हवर झाल्यामुळे ती पुढच्या सर्व प्रतींत उतरली. अंगठा असलेल्या आधीच्या प्रिंट टिकल्या म्हणूनच मूळ पाठ आज कळतो.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे उदाहरण यांहून सूक्ष्म आहे. १९४३-४४ च्या सुमारास त्यांनी लोन पाइन या गावाजवळून सिएरा नेवाडाच्या रांगेवरील हिवाळी सूर्योदय टिपला. गावातील शाळेच्या विद्यार्थ्यांनी पांढऱ्या दगडांनी टेकडीवर गावाच्या नावाची दोन प्रचंड आद्याक्षरे रचलेली होती. अ‍ॅडम्स यांनी ती निगेटिव्हवर शक्य तितकी पुसली आणि जो अंश उरला तो प्रत्येक प्रिंटवर स्पॉटिंगने बुजविला. विशेष हे की १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे स्वतःच सांगितले, आणि यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. टेकडीवरची अक्षरे निसर्गाच्या अंगावरचा डाग, अशी त्यांची भूमिका. ज्या मुलांनी ते दगड वाहून नेले त्यांना ती मान्य झाली असती का, हा प्रश्न राहतोच. परंतु अ‍ॅडम्स यांनी केलेला बदल लपविला नाही, हे महत्त्वाचे.

पाठचिकित्सेने या प्रामाणिकपणाला चिन्हांची शिस्त दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहितेतील कमी निश्चित पाठांखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादित केलेल्या व १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वापासून वाचकाला ही खूण भेटते. संपादकाने निर्णय घेतला आहे, पण तो निर्णय आहे हे तो झाकीत नाही. चित्रांच्या जीर्णोद्धारातही असाच विचार झाला. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिचित्रांतील गळालेल्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची पद्धत रूढ झाली : दुरून चित्र सलग दिसते, जवळ गेले की भर घातलेली जागा स्पष्ट ओळखू येते. स्पॉटिंगला असे कोणतेही चिन्ह नाही. न ओळखता येणे हीच त्याच्या यशाची कसोटी. म्हणून नव्या प्रिंटवर खुद्द छायाचित्रकाराने केलेले स्पॉटिंग आणि संग्रहातील जुन्या प्रिंटवर परक्या हाताने केलेले स्पॉटिंग या दोन सर्वस्वी भिन्न कृती मानल्या पाहिजेत. पहिले लेखकाने स्वतःच्या मुद्रितात केलेले शोधन होय, दुसरे प्रक्षेप. संग्रहालयांतील जाणकार म्हणूनच जुन्या प्रिंटच्या जिलेटिनात मुरणारा रंग घालीत नाहीत. मध्ये विलग करणारा पातळ थर देऊन त्यावर, पुढे काढून टाकता येईल असा जलरंग लावतात आणि काय केले ते नोंदवून ठेवतात.

आता हे काम करणारे हात थोडे उरले आहेत. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म व कागद इतिहासजमा झाले. कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन २००५ मध्ये थांबविले. संगणकावर डाग काढणे क्षणाचे काम झाले असून त्याचा कागदावर काही मागमूस राहत नाही. याउलट हाताने बुजविलेले ठिपके जुन्या प्रिंटांवर काळाच्या ओघात पुन्हा वर येताना दिसतात. चांदी हवेतील गंधकाने व ओलाव्याने पिवळट-तपकिरी होत जाते. कुंचल्याने घातलेला रंग तिच्याबरोबर पिवळत नाही, कधी तसाच राहतो, कधी स्वतंत्रपणे विटतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणालाही दिसले नसतील असे निळसर टिंबांचे पुंजके मग गालावर, आकाशात, पार्श्वभूमीच्या पडद्यावर उमटू लागतात. अशी प्रिंट हाती आली तर ती तिरप्या उजेडात व नंतर समोरच्या उजेडात पाहावी, प्रत्येक टिंबाची जागा कागदावर टिपून घ्यावी, आणि मूळ निगेटिव्ह किंवा दुसरी प्रिंट मिळेपर्यंत त्या टिंबांना हात लावू नये.